"मास्क देतो, पण लावतच नाहीत!"



माझ्या दवाखान्यात मी शेकडो वेळा ऐकलेलं एक वाक्य सांगतो. फौंड्रीतला कामगार खोकत, धापा टाकत येतो. सोबत कधी सुपरवायझर असतो, कधी खुद्द मालक. मी विचारतो, "काम धुळीत आहे का?" कामगार तोंड उघडायच्या आत सोबतचा माणूस बोलतो, "डॉक्टर, आम्ही मास्क देतो हो, पण हे लोक लावतच नाहीत!"

आजचा लेख या एका वाक्याच्या विरोधात आहे. ते बरेचदा खरं असतं. तरीही ते चुकीचं आहे, कारण त्यामुळे आजाराचा सगळा दोष आजारी माणसाच्याच माथी बसतो.

ही धूळ साधी नव्हे

कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव भागात फौंड्री म्हणजे काय हे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. वाळूचा साचा करायचा, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, थंड झालं की साचा फोडून कास्टिंग बाहेर काढायचं आणि घासून साफ करायचं. साचा फोडताना (नॉक-आऊट) आणि घासताना (फेटलिंग) सगळ्यात जास्त धूळ उडते.

ही वाळू म्हणजे मुख्यतः सिलिका. तिचे डोळ्यांना दिसणारे कण नाकात, घशात अडकतात, शिंकेबरोबर किंवा बेडक्याबरोबर बाहेर पडतात. खरा धोका न दिसणाऱ्या कणांचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही बारीक कणांचा. ते थेट फुफ्फुसाच्या तळाशी, वायुकोशांत पोचतात. तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पेशी मरते, कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. या झटापटीत फुफ्फुसात व्रणासारख्या घट्ट गाठी तयार होतात. हाच सिलिकोसिस.

तीन गोष्टी नीट लक्षात ठेवा. एक, हा आजार पूर्ण बरा करणारं औषध आज नाही. दोन, धुळीचं काम सोडल्यानंतरही तो वाढत राहू शकतो. तीन, सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याचा धोका कितीतरी पट जास्त असतो. शिवाय सिलिकाची ही धूळ फुफ्फुसाच्या कॅन्सरलाही कारणीभूत ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच तिला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर करणाऱ्या सिद्ध कारणांत टाकलं.

फोडणीतली मिरची

फोडणीत मिरची जळली आणि घरभर ठसका उठला, तर तुम्ही काय करता? प्रत्येकाच्या नाकाला रुमाल बांधत बसता का? आधी गॅस बंद करता, मग खिडकी उघडता. स्वयंपाकघरात जे आपल्याला न शिकवता समजतं, ते कारखान्याच्या दारात आपण विसरतो.

औद्योगिक आरोग्यशास्त्र हाच क्रम सांगतं. आधी धोकादायक पदार्थच काढून टाका किंवा बदला. नाही जमलं तर यंत्रणा अशी करा की धूळ उडणारच नाही, किंवा उडाल्याबरोबर ओढून घेतली जाईल. मग कामाची पद्धत आणि पाळ्या बदला. सगळ्यात शेवटी मास्क. आपल्याकडे ही यादी उलटी टांगलेली असते आणि मास्क वाटून झाले की काम संपतं.

मास्क शेवटी का? भट्टीजवळ चौदाशे अंशांच्या आसपास तापलेलं लोखंड ओतलं जात असताना आठ तास घट्ट एन-९५ लावून बघा. घामाने तो भिजतो, श्वास जड होतो, बोललेलं ऐकू जात नाही. दाढी असेल तर चेहऱ्याला नीट चिकटत नाही. आणि बरेचदा मिळतो तो एन-९५ही नसतो, कापडाचा तुकडा असतो. तो बारीक कण अडवत नाही, फक्त फोटोत चांगला दिसतो. दर वर्षी ४ मार्चच्या सुरक्षा दिनाला तो सगळ्यांच्या तोंडावर असतो.

"छोटा कारखाना आहे, परवडत नाही," असं मालक म्हणतात. सगळं एका दिवसात होणार नाही, मान्य. पण जमीन कोरडी न झाडता ओली करून झाडायला किती खर्च येतो? अंगावरची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, हे सांगायला किती? नॉक-आऊटवर झाकण आणि धूळ ओढणारा पंखा बसवायला पैसे लागतात, हो. पण कास्टिंग साफ करायला वाळूचा मारा करणं ब्रिटनने १९४९ मध्येच बंद केलं. बंद पेटीत पोलादी छऱ्यांनी तेच काम होतं आणि आपल्याकडच्या कितीतरी फौंड्रीत ते आज चालू आहे. म्हणजे उपाय आहेत, ठाऊकही आहेत.

नाही केले तर बिल येतंच, फक्त ते दुसऱ्याच्या घरी जातं. मध्य प्रदेशातले आदिवासी मजूर गुजरातच्या गोध्रा भागात दगड दळण्याच्या कारखान्यांत कामाला गेले आणि सिलिकोसिस घेऊन परतले. अशा २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्या, असा आदेश २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला.

आता माझी चूक

फक्त मालकांना बोललो तर ते अर्धसत्य होईल. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक रुग्ण आला. खोकला, वजन कमी, एक्स-रेमध्ये दोन्ही बाजूंना वरच्या भागात ठिपके. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी मी टीबीची औषधं सुरू केली. वर्षभराने तो पुन्हा आला, मी पुन्हा तीच दिली. शेवटी छातीच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "याआधी काय काम करत होता?" उत्तर आलं, चौदा वर्षं फेटलिंग.

माझ्या केसपेपरवर व्यवसाय लिहिला होता "वॉचमन". खरंच होतं ते. धाप लागायला लागल्यावर त्याने ते काम धरलं होतं. पुढे चार वर्षांत तो गेला. रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली लिहून ठेवलंय की रुग्णाला त्याचा धंदा विचारा. मी ते शिकलो होतो, पण विचारलं नव्हतं.

कायद्याने सिलिकोसिसची खबर देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. कारखाना कायदा, १९४८ च्या कलम ८९ मध्ये ते होतं, २०२० च्या नव्या संहितेतही आहे. तेव्हा तेही मी केलं नाही. आज करतो. आम्ही डॉक्टर गप्प राहिलो की आजार कागदावर दिसत नाही, आणि कागदावर नसलेल्या आजारासाठी कोणी पंखा बसवत नाही.

तुम्ही काय कराल?

- फौंड्री, क्रशर, दगडखाण, टाइल कटिंग, सँड ब्लास्टिंग, यांपैकी काहीही कधीही केलं असेल, अगदी वीस वर्षांपूर्वी, तरी डॉक्टरांना न विचारता सांगा.
- जुने एक्स-रे फेकू नका. तुलना करायला तेच लागतात.
- टीबीचं निदान झालं तर औषधं अर्धवट सोडू नका. पण जंतू सापडले नसतील आणि औषधांनी फरक पडत नसेल, तर "सिलिकोसिस असेल का?" असं स्पष्ट विचारा.
- बिडी-सिगारेट बंद. कामाचे कपडे कारखान्यातच बदला, धूळ घरी नेऊ नका.
- ईएसआय कार्ड असेल तर व्यावसायिक आजार म्हणून लाभ मागा. तो तुमचा हक्क आहे.
- धूळ फार असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे लेखी तक्रार करता येते. एकट्याने नको, चार-पाच जणांनी मिळून करा.

आणि मास्क? मिळाला तर जरूर लावा, नीट बसणारा मागा. पण "हे लावत नाहीत" असं कोणी तुमच्यासमोर म्हणालं, तर त्यांना एवढंच विचारा, "साहेब, धूळ उडू नये म्हणून तुम्ही काय केलंत?"