खिदमत आणि 'गद्दामा'

गेल्या महिन्यात शाळा सुटल्यावर एका विद्यार्थिनीची आई आमच्याकडे आली. नवऱ्याचा इंतकाल झालेला, दोन मुली, आणि सौदीत घरकामाची नोकरी चालून आलेली. वय सत्तावीस. शिक्षण सातवी. "एजंट म्हणतो, विझिट व्हिसावर चला, पुढचं तिथे बघू. जाऊ का, मॅडम?"

आम्हाला 'गद्दामा' आठवला. कमल यांचा हा मल्याळम चित्रपट २०११ चा. केरळची विधवा अश्वती सौदीत मोलकरीण म्हणून जाते. तिथे मारहाण आणि हाल सोसून शेवटी पळते. वाटेत तिला हात देणारेही परदेशातून आलेले गरीब कामगारच असतात. काव्या माधवन यांना या भूमिकेसाठी केरळ राज्याचा पुरस्कार मिळाला.

'गद्दामा' म्हणजे अरबीतला 'खद्दामा', घरकाम करणारी बाई. आपला 'खिदमत' हा शब्दही त्याच मुळाचा. आपण तो किती अदबीने उच्चारतो!

पण हा दोष एकट्या अरबांचा नाही. सेनेगलचे उस्मान सेम्बेन यांनी १९६६ मध्ये 'ब्लॅक गर्ल' काढला. त्यातली डाकारची दियुआना मुले सांभाळायला म्हणून फ्रान्सला जाते आणि स्वयंपाक-साफसफाईला जुंपली जाते. शेवटी ती जीव देते.

दोघींची फसगत घर सोडतानाच सुरू झाली होती. म्हणून आम्ही त्या माऊलीला कायदा सांगितला. दहावी न झालेल्या बाईला सौदीत घरकामाला जायचे तर वय किमान ३० लागते आणि सरकारी परवानगीही लागते. विझिट व्हिसावर गेलेल्या बाईची कामगार म्हणून कुठेच नोंद नसते. मग पगार थकला किंवा पासपोर्ट काढून घेतला, तर दाद मागणेही कठीण.

तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग घरभाडं कुठून देऊ, मॅडम?"

भगिनींनो, मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, ही हदीस आपल्या मुलांना पाठ असते. पण मोहल्ल्यातल्या विधवेला इथेच इज्जतीची रोजी मिळावी, हीदेखील आपलीच जबाबदारी आहे. तिचा प्रश्न आम्ही जमातीच्या बैतुलमालकडे नेला आहे. तुमच्या मोहल्ल्यातही अशी एखादी बहीण असेल. एजंट तिच्या दारात पोहोचण्याआधी आपण पोहोचू या.