दृष्टी निर्दोष, तरी वाचन अडखळते

आकुर्डीसारख्या औद्योगिक वसाहतीत चिकित्सालय चालविणाऱ्या वैद्याकडे पालक पाळी सुटल्यावर मुलांना घेऊन येतात. 'याला बुद्धीचे औषध द्या' ही मागणी त्यांच्याकडून वारंवार होते. या मागणीस आपण वैद्यमंडळी जे उत्तर देतो, त्याविषयी आमचे मत येथे मांडीत आहोत.

इयत्ता चौथीतील एक मुलगा आमच्याकडे आला होता. ऐकलेली गोष्ट तो जशीच्या तशी सांगे, तोंडी हिशेब अचूक करी. परंतु पुस्तक उघडले की ओळ सुटे, 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत गोंधळ होई. नेत्रतपासणीत दोष आढळला नव्हता. आम्ही ब्राह्मी घृत सुरू केले. सहा महिन्यांत अग्नी सुधारला, निद्रा सुधारली. वाचन मात्र होते तेथेच राहिले. पुढे मानसशास्त्रीय चाचण्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे निदान झाले. त्या मुलाचे सहा महिने आमच्यामुळे वाया गेले, हे कबूल करणे आम्हांस भाग आहे.

वस्तुतः पाहणे आणि पाहिलेले उमगणे यांतील भेद आपल्या शास्त्रास अपरिचित नाही. भेलसंहितेत आलोचक पित्ताचे चक्षुर्वैशेषिक व बुद्धिवैशेषिक असे दोन भेद वर्णिले आहेत. या संज्ञांना आधुनिक निदानाचे नाव चिकटविणे योग्य नव्हे. परंतु नेत्र निर्दोष म्हणजे ग्रहण निर्दोष, असे मानण्याची चूक तरी त्यांच्या अभ्यासकाने करू नये.

देवनागरीचे वाचन हे दृष्टीच्या अंगाने सोपे काम नाही. मात्रा वर, उकार खाली, काना पुढे. ऱ्हस्व इकार तर उच्चारात व्यंजनानंतर, पण लेखनात त्याच्या आधी. आकृतीचा भेद, क्रम आणि स्थान ही तिन्ही क्षणार्धात ओळखावी लागतात. तथापि बहुतेक मुलांत डिस्लेक्सियाचे मूळ अक्षर व ध्वनी यांची सांगड घालण्यातील अडचणीत असते, असे संशोधन सांगते. म्हणूनच अमेरिकेतील बालरोग व नेत्ररोग तज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ साली संयुक्त निवेदनाद्वारे, यावर नेत्रव्यायाम वा रंगीत भिंगे उपयुक्त असल्याचा शास्त्रीय आधार नाही, असे स्पष्ट केले. हाच निकष आपल्या घृतांना व सिरपांना लावण्यास आपण कचरू नये.

महाराष्ट्रात या मुलांना परीक्षेत सवलती देण्यास १९९६ साली प्रारंभ झाला. २००७ च्या 'तारे जमीन पर' या चित्रपटाने हा विषय घरोघरी पोहोचविला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात या अक्षमतेस स्थान नव्हते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तिचा समावेश झाला. तरीही आमच्या परिसरातील कामगार पालकास यांपैकी काहीच ठाऊक नसते. त्याला ठाऊक असतो तो शेजारचा वैद्य.

म्हणून आमचे म्हणणे असे की, अशा मुलाची प्रथम नेत्र व श्रवण तपासणी करवावी. त्याच्या शाळेच्या वह्या मागवून पाहाव्यात. घरची भाषा कोणती, हेही विचारावे. परप्रांतातून आलेल्या मुलास मराठी नवी असणे आणि वाचनाची अक्षमता असणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिलीतल्या मुलाने अक्षरे उलटी काढणे हे अनेकदा वयाचेच लक्षण असते. परंतु तिसरी-चौथीपर्यंत अडचण टिकली, तर त्यास विलंब न करता मानसशास्त्रज्ञ व विशेष शिक्षक यांच्याकडे पाठवावे. मेध्य रसायने प्रकृतीनुसार अवश्य द्यावीत, परंतु ती वाचन शिकवीत नाहीत, हे पालकांस त्याच वेळी स्पष्ट सांगावे.

रुग्ण अन्यत्र पाठविल्याने वैद्याची प्रतिष्ठा उणावत नाही. त्या मुलास 'ढ' म्हणणे घरात थांबले, ते आमच्या औषधाने नव्हे, योग्य निदानाने. ते निदान सहा महिने आधी घडविणे आमच्या हाती होते.