यंत्र मिळते, तपश्चर्या मिळत नाही

यशस्वी संशोधकाच्या गळ्यात हार घालायला गर्दी लोटते. त्याच्या निष्फळ प्रयोगांच्या काळात मात्र सोबतीला क्वचितच कुणी असते. निळ्या प्रकाशाचा इतिहास हेच सांगतो.

लेसर डायोडचे मर्म स्फटिकाच्या अतिसूक्ष्म थरांत असते. तप्त चकतीवर वायू सोडून अणूंच्या ओळी शिस्तीने रचायच्या. ओळी विस्कटल्या की प्रकाश मंदावतो. निळ्या प्रकाशासाठी गॅलियम नायट्राइड हवे होते. परंतु नीलमाच्या ज्या चकतीवर ते वाढवायचे, तिच्या अणुरचनेशी त्याची रचना जुळेना. जगातील बहुतेकांनी हा नाद सोडला.

जपानमधील प्रा. इसामु आकासाकी यांनी १९७३ पासून हा ध्यास घेतला होता. नागोया विद्यापीठात त्यांचे शिष्य हिरोशी अमानो यांचे प्रयोगामागून प्रयोग फसले. अखेर १९८६ मध्ये गुरुशिष्यांनी वाट दाखवली: आधी कमी तापमानाला ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर द्यावा, मग त्यावर मूळ स्फटिक वाढवावा. पुढे निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी भट्टीची रचना स्वतः बदलली. १९९३ मध्ये तेजस्वी निळा दिवा आणि त्याच दशकात निळा-जांभळा लेसर अवतरला. दिव्याबद्दल या तिघांना नोबेल मिळाले ते २०१४ मध्ये!

यंत्र विकत आणता येते. ते वश होईपर्यंतची वर्षे बाजारात मिळत नाहीत. अनुदानाचा हिशेब मागताना शासनाने आणि प्रयोगशाळेत रमलेल्या मुलाला ‘नोकरी कधी?’ असे विचारताना पालकांनी ही वीस वर्षे स्मरावीत.