बॅग टेम्पोत, आपण सायकलवर

'सपोर्टेड टूर' असं नुसतं म्हटलं तरी हार्डकोअर सायकलवाले नाक मुरडतात. त्यांचा फंडा एकदम क्लिअर असतो. आपलं सामान आपल्या कॅरिअरवर, आपलं पंक्चर आपण काढायचं, भूक लागली की ढाबा शोधायचा. मागून गाडी येतेय, गाडीत केळी आहेत, मेकॅनिक आहे, दमलात तर बसायला सीट आहे... मग ती कसली सायकल ट्रिप? ती तर पिकनिक!

मला हे कधीच पटलेलं नाही. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये चार दिवस बीड जिल्ह्यातून सायकल हाणून आल्यावर तर अजिबातच नाही. माझं भांडण वेगळंच आहे. सपोर्ट असावा, हवाच. पण तो आणायचा कुठून?

ज्यांनी अशी टूर केलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ग्रुपचं सगळं सामान एका टेम्पोत. तो सकाळीच पुढच्या मुक्कामाला निघतो. दुसरी गाडी सगळ्यात शेवटच्या सायकलच्या मागे रेंगाळत येते, तिला म्हणतात स्वीप. तिच्यात मेकॅनिक, टायर-ट्यूब, मोठा पंप, फर्स्ट एड, ओआरएस आणि थकलेल्या जिवासाठी रिकामी सीट. दर वीस-पंचवीस किलोमीटरवर पाण्याचा थांबा. रात्री जेवणाआधी उद्याच्या रस्त्याचं ब्रीफिंग, म्हणजे चढ कुठे, खड्डे कुठे, ट्रक कुठे. तुमच्या डोक्याला टेन्शन एकच, पेडल मारत राहायचं.

हे काही फॉरेनचं फॅड नाही, बरं का. आषाढी वारीत दिंडीचा ट्रक काय करतो? वारकऱ्यांच्या पिशव्या, राहुट्या, भांडीकुंडी घेऊन पुढच्या तळावर जातो आणि माणसं मागून चालत येतात. वारकरी दिंडीला ठरलेले पैसे देतात, दिंडी त्यांचं जेवणखाण आणि सामान सांभाळते. शुद्ध सपोर्टेड टूर! पैठणहून निघणारी एकनाथ महाराजांची पालखी बीड जिल्ह्यातूनच पंढरपूरला जाते, मुक्ताईंची पालखीही बीडला थांबते. म्हणजे या रस्त्यांना 'सामान गाडीत, माणूस रस्त्यावर' ही आयडिया नवी नाही. बाबा आमटेंची भारत जोडो सफर आठवा. डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून शंभराहून जास्त तरुण-तरुणी सायकलवर काश्मीरकडे निघाले आणि स्वतः बाबा पाठीच्या दुखण्यामुळे बसमध्ये आडवे होऊन सोबत होते. त्या सफरीचा हीरोच सपोर्ट गाडीत होता, बोला! हल्लीच्या हॅपनिंग टूर्स नंतर आल्या. निलगिरीतली 'टूर ऑफ निलगिरीज' डिसेंबर २००८ मध्ये सुरू झाली, आणि आता नाशिक सायकलिस्ट्स फाउंडेशनची पंढरपूर सायकल वारीही लोकांना चांगलीच माहीत झाली आहे.

आमचा ग्रुप तेवीस जणांचा. आयटीवाले, दोन डॉक्टर, एक शाळेतल्या बाई, बँकेतून रिटायर झालेले एक काका आणि बाळंतपणानंतर पहिल्यांदाच सायकलवर बसलेली माझी मैत्रीण. यातले निम्मे तरी स्वीप गाडी नसती तर घराबाहेर पडले नसते. मैत्रिणीच्या सासूबाईंनी परवानगी दिली ती 'गाडी मागे असणार' या एका वाक्यावर. म्हणून हार्डकोअर मंडळींनी जरा दमानं घ्यावं.

पण बीड का? हा प्रश्न मला किमान वीस जणांनी विचारला. कोकण, गोवा, महाबळेश्वर सोडून बीड? डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, तेव्हापासून टीव्हीवर बीड हे नाव क्राइमच्या पट्टीतच दिसतं. त्याआधी ते दुष्काळाच्या पट्टीत दिसायचं. आई म्हणाली, "बातम्या बघत नाहीस का?" मी म्हटलं, त्याच देऊन पोट भरते गं! आमच्या लीडरदादाचं उत्तर मात्र साधं होतं. बालाघाटचे डोंगर, छोटे पण खरे घाट, नोव्हेंबरातली हवा.

सुरुवात जामखेडहून. सौताड्याला विंचरणा नदीचा धबधबा अजून जोरात होता. सप्टेंबरमध्ये या भागात अतिवृष्टीनं हाहाकार उडवला होता, त्याच्या खुणा रस्त्याच्या कडेला दिसत होत्या. खचलेल्या साइडपट्ट्या, वाहून गेलेले बांध, काळी पडलेली कापसाची बोंडं. दुष्काळी जिल्हा बघायला आलेल्यांना पहिल्याच दिवशी पुरानं धुतलेली शेतं दिसली. एसी गाडीतून हे दिसत नाही असं नाही, पण ताशी पंधरा किलोमीटरच्या स्पीडला ते डोळ्यांसमोरून लवकर हलत नाही.

पाटोद्याच्या पुढे एका वस्तीजवळ ट्रॅक्टर उभा होता, मागे दोन ट्रॉल्या. पत्र्याच्या पेट्या, गोधड्या, ताडपत्री, कोपीसाठी बांबू, हंडे, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि एक शेळी. दिवाळी झाली की बीडमधून लाखो माणसं ऊस तोडायला निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, थेट कर्नाटकापर्यंत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून आधी घेतलेली रक्कम म्हणजे 'उचल', ती मार्च-एप्रिलपर्यंत फेडायची. हे मी वाचलं होतं, एकदा एका फीचरमध्ये लिहिलंही होतं. पण पेट्या चढवणाऱ्या एका मावशीनं हेल्मेट, गॉगल, चिकटलेली पॅण्ट असा माझा सगळा अवतार न्याहाळून विचारलं,

"कुठून आलाव?"

"पुण्याहून, मावशी."

"सायकलीवर? आन् कुठवर?"

मी सगळा रूट सांगितला. त्यांनी मान हलवली. मग एकदम बिझनेसचा प्रश्न. "किती उचल घेतलीय?"

मी म्हटलं, उचल नाही हो, उलट आम्हीच पैसे भरलेत. त्यांनी आमच्या स्वीप गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ट्रॉलीत बसलेल्या सुनेला हाक मारून सांगितलं, "ऐकलं का, पैसे देऊन कष्ट करायलेत!" अख्खी ट्रॉली हसली. मीही हसले. दुसरं काय करणार? चार दिवसांची फी माझ्या महिन्याभराच्या मानधनाएवढी होती, हा आकडा मात्र तोंडातून निघाला नाही.

बाय द वे, त्यांचाही प्रवास ग्रुपनेच, सामान गाडीत घालूनच. फक्त त्यांची स्वीप गाडी नसते.

दुसऱ्या दिवशी बीडहून मांजरसुंब्याच्या चढाकडे जाताना खजाना विहिरीपाशी थांबलो. सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळातली ही विहीर. दोन भुयारांतून पाणी आत येतं, तिसऱ्यातून शेतांकडे जातं. सॉलिड इंजिनीअरिंग! आम्ही काठावर उभं राहून फोटो काढत होतो आणि पाठीमागे स्वीप गाडीच्या डिकीत पुण्याहून आणलेले पाण्याचे सीलबंद जार रचलेले होते. केळी पुण्याची. ब्रेड पुण्याचा. स्वयंपाकी पुण्याचा आणि तांदूळसुद्धा पुण्याचा. त्या रात्री अंबाजोगाईत आम्ही काय जेवलो माहितीये? पास्ता.

अंबाजोगाईत! जिथली योगेश्वरी पुण्यातल्या कितीतरी कोकणस्थ घरांची कुलस्वामिनी आहे आणि जिथे 'विवेकसिंधु'कार मुकुंदराजांची समाधी आहे, तिथे मंगल कार्यालयाच्या अंगणात बसून व्हाइट सॉस. कार्यालयाचा वॉचमन लांबून बघत होता. त्याला प्लेट दिली तर म्हणाला, "नको, माझी भाकरी हाय." मला त्याची भाकरी हवी होती, खरं सांगू का!

मी लीडरदादाला विचारलं, आपण बीडमध्ये खर्च काय करतोय नक्की? त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. "अगं, तेवीस माणसं आहेत. एकाचं पोट बिघडलं तरी टूरची वाट लागते. नवीन भाग, कोण वेळेवर देईल माहीत नाही. मी रिस्क कशाला घेऊ?" पॉइंट होता त्याच्यात. डॉक्टर मंडळींनीही मान डोलावली. (त्या दिवशी मस्साजोगवरून गेलो तेव्हा मात्र कुणीच काही बोललं नव्हतं. नुसता पेडलचा आवाज.)

तिसरा दिवस सगळ्यात लांबचा. अंबाजोगाईहून घाट उतरून परळी, वैजनाथाचं दर्शन, थर्मलच्या राखेचे टँकर चुकवत सिरसाळा, मग तेलगाव आणि शेवटी धारूरचा घाट. तेलगावला साखर कारखाना आहे, त्यामुळे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. सामानाचा टेम्पो पुढे घाटात अडकला, कारण वळणावर एक भरलेली ट्रॉली बंद पडली होती. स्वीप गाडी पार मागे, मैत्रिणीच्या सोबत. मधले आम्ही आठ जण सपोर्टशिवाय. आणि तेव्हाच काकांच्या पुढच्या चाकातली हवा फुस्स!

कोपऱ्यावर पत्र्याचं पंक्चरचं दुकान. आत टू-व्हीलर, ट्रॅक्टरची टायरं आणि चाळिशीचा एक माणूस. त्यानं चाक हातात घेतलं, वजन बघून भुवया उंचावल्या. "ह्याचा वॉल येगळाच दिसतोय." बरोबर. महागड्या सायकलींना प्रेस्टा वॉल असतो, बारीक आणि लांबुडका. त्यावर साध्या कॉम्प्रेसरचा पाइप बसत नाही. बसवायला एक छोटं पितळी टोपण लागतं आणि ते मेकॅनिकच्या पेटीत, म्हणजे मागच्या गाडीत. त्यानं घमेल्यात पाणी घेतलं, ट्यूब बुडवून बुडबुडा शोधला, घासून सोल्युशन लावलं, पॅच ठोकला. काम इतकं सफाईदार की आयटीवाल्यांनी व्हिडिओ काढला. मग आमच्या हातभर पंपानं सगळ्यांनी आळीपाळीनं हवा भरली. तोही त्या पंपाशी अर्धा तास झटत होता. शेजारच्या टपरीवरून चहा आला, त्याचे पैसे घेतले नाहीत. पंक्चरचे तीस रुपये घेतले. काकांनी शंभर पुढे केले तर सत्तर परत दिले.

टपरीवाल्या बाईंनी विचारलं, जेवलात का? कुणीच जेवलं नव्हतं, लंच टेम्पोत होतं. अर्ध्या तासात ज्वारीच्या भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. आठ माणसांचं पोटभर जेवण, आणि पोट कुणाचंही बिघडलं नाही.

रात्री धारूरला लीडरदादा बराच वेळ फोनवरच्या कॅल्क्युलेटरशी खेळत होता. मंगल कार्यालयांची भाडी सोडली तर तीन दिवसांत जिल्ह्यात टिकलेला खर्च म्हणजे थोडं डिझेल, काही चहा आणि तीस रुपये. कुणी काही लेक्चर दिलं नाही. पण सकाळी ब्रेकफास्ट पुण्याच्या स्वयंपाक्यानं केला नाही, बाजारातल्या हॉटेलातल्या पोह्यांची ऑर्डर रात्रीच गेली होती. जार गावातल्या आरओ प्लांटवर भरले. टेम्पोतली रिकामी जागा सीताफळांच्या करंड्यांनी भरली. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालंय आणि या डोंगरांत ती रस्त्याकडेला बायका विकत बसतात. पिकलेलं सीताफळ सायकलच्या पिशवीत नेऊन बघा, मुक्कामाला पोचेपर्यंत त्याचं रबडी होते. त्याला सपोर्ट गाडीच पाहिजे.

तुम्ही अशी टूर बुक करत असाल तर एक गोष्ट विचाराच. फी किती, हे सगळेच विचारतात. त्यातले किती पैसे वाटेतल्या गावांत जाणार, हेही विचारा. ऑर्गनायझर गडबडेल, गडबडू दे. मेकॅनिक, डॉक्टर, ट्यूब तुमच्या शहरातूनच न्या, त्यात तडजोड नको. पण पाणी, भाकरी, केळी, चहा हे जिथे सायकल चालवताय तिथलं घ्या. शिवाय तिथली भाकरी पास्त्यापेक्षा चांगली लागते, हा शुद्ध स्वार्थ.

शेवटच्या दिवशी घाट उतरून पुन्हा तेलगावला थांबलो. मेकॅनिकनं आपल्या पेटीतली दोन पितळी टोपणं काढून पंक्चरवाल्याला दिली. त्यानं एक कॉम्प्रेसरच्या पाइपला लावून बघितलं, काकांच्या चाकात भस्सकन हवा गेली. दोन्ही टोपणं त्यानं तारेत ओवून कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली आणि विचारलं, "अशा वॉलच्या आणखी किती सायकली येतेत हिकडं?"

"पुढच्या नोव्हेंबरात तीस," लीडरदादा म्हणाला.

"मग आणखी दोन पाठवून द्या."