चालणाऱ्या गटाने म्युझियमची पायरीही चढावी

मुंबईतल्या बऱ्याच वस्त्यांत आता सकाळी चालणाऱ्यांचे गट झाले आहेत. विहाराजवळ जमायचे, मैदान गाठायचे, तीन-चार फेऱ्या मारायच्या आणि घरी. बहुतेक जण पन्नाशीपुढचे, त्यातही महिला जास्त. कोणाला शुगर, कोणाला बीपी, गुडघे तर सगळ्यांचेच. अशा गटात कोणी म्हटले, "रविवारी म्युझियमला जाऊ या, समजावून सांगणारा माणूसही घेऊ," की पहिला सवाल ठरलेला : त्याने शुगर कमी होणार आहे का?

सवाल रास्त आहे. एका फेरीने काही होणार नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला निदान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते. म्युझियममधले रेंगाळणे त्यात धरू नका, रोजचे चालणे चालूच ठेवा. पण रक्ताच्या रिपोर्टात न दिसणारेही दुखणे असते. मुले कामावर, नातवंडे मोबाइलवर आणि आजीचे जग घर, रेशनचे दुकान आणि दवाखाना एवढ्यावर आलेले. आमच्या मते या वयातले हे मोठे दुखणे आहे आणि गटाने त्यावर काहीतरी करायला हवे.

इंग्लंडमध्ये 50 वर्षांवरच्या 6,710 लोकांची सुमारे 14 वर्षे नोंद ठेवली गेली. 2019 साली त्याचा निष्कर्ष छापून आला. जे दर काही महिन्यांनी म्युझियम, चित्रप्रदर्शन, नाटक अशा ठिकाणी जात होते, त्यांच्यात मृत्यूची जोखीम कधीच न जाणाऱ्यांपेक्षा 31 टक्के कमी दिसली. वर्षातून एक-दोनदा जाणाऱ्यांत 14 टक्के. पैसा, शिक्षण, आधीचे आजार हे सगळे हिशेबात धरूनही फरक उरला. तरीही म्युझियमने आयुष्य वाढते असे छातीठोकपणे सांगता येत नाही. ज्याचे पाय धड आहेत तोच बाहेर पडतो, हेही खरे. पण कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात 2018 पासून डॉक्टर रुग्णाला तिथल्या कला संग्रहालयाची फुकट भेट चिठ्ठीवर लिहून देऊ लागले. आपला डॉक्टर तशी चिठ्ठी देईल याची वाट कशाला बघायची?

जायचे कुठे? सीएसएमटीला उतरून हुतात्मा चौकावरून चालत काळा घोड्यापर्यंत यावे. दीड किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, सावली बरी आहे. तिथले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सर्वांना माहीत आहे, निदान बाहेरून. या इमारतीचा पाया 1905 साली घातला गेला, बांधकाम 1914 साली पुरे झाले. पण पहिले महायुद्ध लागले आणि आधी इथे लष्करी इस्पितळ भरले. म्युझियम म्हणून दारे उघडली ती 1922 साली. जवळच एल्फिन्स्टन कॉलेज. बाबासाहेब तिथे शिकत होते आणि 1912 साली बी.ए. झाले, तेव्हा हा घुमट अजून पुरा व्हायचा होता. गाईडने हे सांगितले नाही तर आपणच नातवंडांना सांगावे.

आत सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपातून मिळालेल्या भाजक्या मातीच्या बुद्धमूर्ती संग्रहात आहेत, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या. कोणी हात जोडील, जोडू द्यावेत. पण मग थांबून नीटही बघावे. चिवराच्या चुण्या कशा काढल्या, एवढी माती न तडकता कशी भाजली? वीटभट्टीवर राबलेल्या आजीला भट्टीची आच गाईडपेक्षा जास्त ठाऊक असते. तिला बोलू द्यावे.

इथेच आमचा आग्रह आहे. फेरी मराठीतच हवी. शाळेच्या सहलीसारखी पळापळ नको. तासाभरात आठ-दहा वस्तू पुष्कळ झाल्या. "तुम्हाला यात काय दिसते?" असे आधी विचारणारा गाईड मिळाला तर गट बोलू लागतो. इंग्रजीत साल आणि शैली सांगत सुटला, तर बाया पदर सावरत मागे मागे राहतात आणि पुन्हा म्हणून येत नाहीत. "आपल्याला आत सोडतील का," हे आपल्या वस्तीत अजून हळू आवाजात विचारले जाते. विचारणाऱ्याला हसू नका. त्या धास्तीला इतिहास आहे. दहा-पंधरा जणींनी मिळून जाण्याचा मोठा फायदा हाच, की दारात कोणी एकटी पडत नाही.

आता शरीराचे. दगडी फरशीवर उभे राहणे चालण्यापेक्षा जास्त दमवते. कंबर आणि पोटऱ्या भरून येतात. दर वीस मिनिटांनी बसा. बाक कुठे आहेत आणि व्हीलचेअर मिळते का, हे आदल्या दिवशीच फोनवर विचारून घ्या. नवी चप्पल त्या दिवशी नको, शुगरवाल्यांनी तर मुळीच नको. इन्सुलिन किंवा शुगरची गोळी घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये. घाम फुटला, हात थरथरले तर तीन चमचे साखर लगेच द्यावी, म्हणून साखरेची पुडी गटातल्या दोघींकडे तरी असावी. आणि संडासाच्या भीतीने पाणी तोडण्याची आपल्या बायकांची सवय! सोय कुठे आहे ते आत शिरताच दाखवून द्या, मग त्या पाणी पितील.

तिकिटाचे पैसे जड वाटत असतील तर पहिली फेरी शेजारच्या जहांगीर आर्ट गॅलरीत करा. तिथे प्रवेश फुकट आहे आणि प्रदर्शने बदलत असतात. चित्रकार स्वतः हजर असेल तर खुशाल विचारा, हे काय काढले आहे म्हणून. बहुतेकांना ते आवडते.

पावसाळ्यात मैदानात चिखल होतो आणि चालण्याचे गट मोडतात. छपराखालची फेरी तेव्हाच ठेवावी. रविवार ठरवाल तर मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आहे ते शनिवारीच पाहून ठेवा.