मोरीच्या पाण्यावरची बाग

गेल्या पावसाळ्यांत आपल्या शाळेंत परसबागेची स्पर्धा झाली. तीविषयीं आम्हांस थोडें लिहावयाचें आहे. आणि तें कौतुकाचें नाहीं, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें. व्हरांड्यांत रंगविलेल्या कुंड्या ओळीनें मांडल्या होत्या. त्यांतील कित्येक तर रोपांसकट बाजारांतून आलेल्या. सर्वांत शेवटीं, खांबाआड, तेलाच्या एका गंजक्या डब्यांत तांबडा माठ उभा होता. त्याचे शेंडे खुडून घरीं दोन वेळां भाजी झालेली, म्हणून तो बोडका दिसत होता. बक्षीस कुंड्यांना मिळालें. परीक्षकांत आम्हीही होतों. पुढें कळलें कीं, एका विद्यार्थिनीच्या आईनें कुंड्या व विकतचें खत आणण्याकरितां शेजारणीकडून चारशें रुपये उसने घेतले होते. दिवाळीपर्यंत त्या कुंड्यांत वाळलेल्या काड्या तेवढ्या उरल्या. ह्याचा दोष आम्ही आमच्याकडेच घेतों.

आमचें मत असें आहे कीं, ज्या बागेसाठीं पहिल्याच दिवशीं बाजार गांठावा लागतो, ती गरिबाची बाग नव्हे. बाग सुरू करावी ती मोरीपासून. आमच्या आजीच्या परसांत मोरीचें पाणी चरांतून अळूच्या वाफ्याला व तेथून केळीला जाई. आज चाळींत किंवा सदनिकेंत तें नळींतून नाहींसें होतें, हें खरें; तरी तांदूळ, डाळ व भाज्या धुतलेलें पाणी एका बादलींत धरून ठेवणें कोणास अवघड आहे? कपड्यांच्या साबणाचें व सोड्याचें पाणी मात्र घालूं नये. त्यानें माती बिघडते.

बियांचेंही तसेंच. डब्यांतील मूठभर मेथी रात्रभर भिजवून मातींत टाकिली कीं तीन-चार दिवसांत कोंब दिसतात, व महिन्याभरांत भाजी हाताशीं येते. धणे मात्र अख्खे पेरूं नयेत. हलक्या हातानें रगडून त्यांचे दोन भाग करावे, कारण एका धण्यांत दोन बिया असतात. ते उगवावयास आठ-पंधरा दिवस लागतात. तेवढ्यांत अधीर मुलें माती उकरून पाहतात व घात करितात, हा आमच्या वर्गाचा नित्याचा अनुभव! जुन्या डब्याच्या तळाला भोकें पाडण्यास विसरूं नये. पाणी सांचलें कीं मुळें कुजतात. भाजीचे देठ, वाळला पाला व माती ह्यांचे थर ओलसर ठेविले तर कांहीं महिन्यांत खत घरींच होतें. पालेभाजीला चार-पांच तासांचें ऊन पुरतें. वांगीं, टोमॅटो व भेंडी ह्यांना त्याहून अधिक लागतें. अंधाऱ्या खिडकींत त्यांच्या नादीं लागूं नये.

पुडींतील संकरित बियाण्यापासून धरलेलें बी पुढल्या वर्षीं तसेंच निपजेल, असा भरंवसा नसतो. गांवठी घेवड्याचें बी एकदां मागून आणलें कीं तें दरवर्षीं आपलेंच. अकोले तालुक्यांतील कोंभाळणे गांवच्या राहीबाई पोपेरे ह्यांनीं असेंच गांवठी बियाणें जतन केलें, आणि शाळेची पायरी न चढलेल्या ह्या बाईंचें नांव २०२० सालच्या पद्मश्रीच्या यादींत आलें.

एवढ्याशा डब्यांवर संसार चालतो काय, असें कोणी विचारील. चालत नाहीं. परंतु भाव चढले कीं गरिबाच्या ताटांतून पहिली जाते ती पालेभाजी, आणि ताटांत उरलीच तर आई ती मुलांना वाढते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आपल्या देशांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ जणींना रक्तक्षय आढळला. एका माठाच्या जुडीनें तो हटत नाहीं, हें आम्ही जाणतों. तथापि लिंबू पिळलेली घरची भाजी त्या माउलीच्या ताटांत आठवड्यांतून दोनदां पडली, तर तें थोडें नव्हे.

एक पालक आम्हांस म्हणाले, “मास्तर, पोराला शिकायला पाठवलंय, माती कालवायला नाही.” त्यांचें आयुष्य दुसऱ्याच्या शेतांत मजुरी करण्यांत गेलें आहे. त्यांच्या मनांतील सल आम्हांस कळली, व त्यांच्याशीं वाद घालावा असें वाटलें नाहीं. हा डबा तुमच्या स्वतःच्या दारांत राहील, एवढेंच आम्ही म्हणालों. ते कांहीं बोलले नाहींत.

पुढील स्पर्धेस कुंड्या शाळेंत आणावयाच्या नाहींत, असें आम्ही सुचविलें आहे. घरीं किती वेळां भाजी खुडली, हें आईनें वहींत मांडावें व तेंच पाहिलें जावें. विहिरीजवळचा शेवगा शेंगा संपल्यावर उन्हाळ्याच्या अखेरीस छाटला जाईल. ज्यांस हवी असेल त्यांनीं हातभर लांबीची, मनगटाएवढी फांदी न्यावी व पहिल्या पावसांत लावावी. तिला पैसे पडणार नाहींत. येतांना एक जुनें पोतें मात्र आणावें.