लाकूड आपले, खोली कुणाची?

आलापल्लीच्या जंगलातले सागवान अयोध्येला पोहोचले, ही गोष्ट आपल्या दोन्ही जिल्ह्यांत अजून कौतुकाने सांगितली जाते. २९ मार्च २०२३ रोजी बल्लारपुरातून पहिली खेप निघाली, तेव्हा लाकडाची पूजा झाली, वाजतगाजत शोभायात्रा निघाली. राममंदिराचे दरवाजे त्या सागाचे झाले. कौतुक करायलाच हवे. पण ते दरवाजे घडवण्याचे काम हैदराबादच्या एका व्यवसायाकडे होते आणि त्यावर हात फिरला तो तामिळनाडूच्या कारागिरांचा. आपण ओंडके दिले, बाकीचे सारे शहाणपण बाहेरचे. हे नवीन नाही. बांबू आपला, कागद बल्लारपूरच्या गिरणीचा आणि पुस्तके पुण्या-मुंबईची, असेच आजवर चालत आले आहे.

लाकडामागून आता मुलेही जाऊ लागली आहेत. जाऊ नयेत असे म्हणणारा मी नव्हे. पण चार वर्षांची डिझाइनची किंवा पाच वर्षांची वास्तुशास्त्राची पदवी झाल्यावर घरातली मुलगी जेव्हा म्हणते, ‘आता आणखी दोन वर्षे इंटिरियर आर्किटेक्चर करायचे आहे’, तेव्हा चंद्रपूरच्या बापाच्या कपाळावर आठी उमटते. सोफा कुठे ठेवायचा आणि पडदे कोणत्या रंगाचे, हे शिकायला दोन वर्षे? आणि तीही कर्ज काढून? बँकेत तीस-बत्तीस वर्षे काढलेला माणूस म्हणून असे बाप मला गाठतात. त्यांची शंका खुळी नाही. आपल्या कायद्यानेही या शंकेला जागा ठेवली आहे. १९७२ च्या कायद्यान्वये नोंदणीशिवाय कुणाला स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवता येत नाही. इंटिरियर डिझायनरची पाटी मात्र कुणीही लावावी. सुतारकाम करून घेणारा ठेकेदार लावतो, फर्निचरचा दुकानदारही लावतो. मग पदव्युत्तर पदवी कशाला?

कारण सजावट निराळी आणि ही विद्या निराळी. अहमदाबादच्या ‘सेप्ट’मध्ये १९९१ साली अंतर्गत रचनेची स्वतंत्र शाळा निघाली आणि आज तिथे पदव्युत्तर शिक्षणही होते. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमध्ये या विषयाचा सारा रोख जुन्या वास्तूला नवा उपयोग देण्यावर आहे. भिंती आधीच उभ्या आहेत. आता त्यांच्या आत माणसांनी कसे राहायचे, हा प्रश्न. उजेड कुठून घ्यायचा, वारा कसा खेळवायचा, आवाज कुठे अडवायचा, म्हातारीला रात्री उठून किती पावले चालावे लागतील आणि मधे उंबरा येईल का, हे सगळे त्यात येते. जुने बांधकाम किती भार पेलेल, हेही समजावे लागते. पदवीच्या वर्षांत हात तयार होतो. पुढची दोन वर्षे, ती नीट शिकवली तर, एकच सवय लावतात : भिंतीला हात लावण्यापूर्वी आत राहणाऱ्याला विचारायचे.

याची उदाहरणे अमेरिकेत शोधायला नकोत. चंद्रपूरच्या जिल्हा कारागृहाकडेच बघा. गोंडराजांच्या राजवाड्यात इंग्रजांनी तुरुंग आणला. जुन्या वास्तूचा नवा उपयोग म्हणतात तो हाच. मात्र आत राहणाऱ्याला कुणी विचारले नव्हते. २१ ऑक्टोबर १८५८ ला वीर बाबूराव शेडमाके यांना फाशी झाली ती याच तुरुंगाशी. तोच दगड, तीच भिंत, पण ज्याच्या हाती ती गेली त्याच्या मनात काय होते यावरून आतल्या जागेचा अर्थ ठरला.

याच्या अगदी उलट गोष्ट गडचिरोलीची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेला आदिवासींसाठी दवाखाना बांधायचा होता. त्यांनी नकाशा काढण्याआधी आदिवासींनाच विचारले : तुम्ही दवाखान्यात येत का नाही? उत्तरे ऐकण्यासारखी होती. मोठ्या इमारतीची भीती वाटते. पांढऱ्या कपड्यांतली माणसे पाहून मेलेल्या माणसावरचे कापड आठवते. रोग्याला आत नेतात आणि घरच्यांना बाहेर काढतात; मग आम्ही राहायचे कुठे? आणि तिथे आमचा देव नसतो. त्यानंतर शोधग्रामात जो दवाखाना उभा राहिला तो आदिवासी गावासारखा, झोपड्यांचा. रोग्याबरोबर नातेवाईक राहू शकतील असा. त्याला नाव दिले माँ दंतेश्वरीचे. या कामात संगमरवर नाही, काच नाही. तरी अंतर्गत वास्तुरचनेवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी पहिल्यांदा तिथेच पाठवीन, कारण रोग्याची भीती ही मोजमापाइतकीच महत्त्वाची बाब आहे हे तिथे बांधून दाखवलेले आहे.

आणि त्यानंतर त्याला मी आणखी अवघड ठिकाणी नेईन. माडिया गोंडांच्या कित्येक गावांत पाळीच्या दिवसांत बायकांनी गावाबाहेरच्या कुर्माघरात राहण्याची रीत आहे. एक मोडकी झोपडी; दार धड नाही, उजेड नाही, न्हाणी नाही. पावसाळ्यात साप-विंचू. तिथे बायकांचे जीव गेल्याच्याही बातम्या आल्या आहेत. २०२१ च्या सुमारास मुंबईच्या एका संस्थेने काही गावांत या झोपड्यांच्या जागी पक्क्या खोल्या बांधायला घेतल्या. वाळू भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांच्या भिंती, आत खाटा, पाणी, न्हाणीघर, संडास. काहींनी स्वागत केले, काहींनी विचारले : जी प्रथा मोडायची तिलाच तुम्ही पक्की भिंत देता? दोन्ही बाजू मला खऱ्या वाटतात. पण कौल द्यायचाच झाला तर मी खोलीच्या बाजूने देईन. प्रथा मोडायला एक पिढी लागेल, आणि आज रात्री तिथे झोपणारी मुलगी त्या पिढीची वाट पाहू शकत नाही. मात्र ही खोली अशी बांधावी की उद्या तिथे वाचनालय भरेल, बचत गटाची बैठक बसेल. आजच्या गरजेत उद्याचा उपयोग पेरून ठेवायचा, हे पदव्युत्तर वर्गाचे काम आहे. सोफ्याच्या रंगाशी याचा काय संबंध, ते मघाच्या बापाने सांगावे.

आपल्या घरकुलांचे काय? २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचे किमान क्षेत्र पंचवीस चौरस मीटर ठरले, स्वयंपाकाची जागा धरून. म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. मदत सपाट प्रदेशात १ लाख २० हजार, अवघड भागात १ लाख ३० हजार. घर मिळाले, हे मोठेच झाले; कुडाच्या भिंतीतून गळणारे पाणी ज्याने पाहिले आहे तो याला नावे ठेवणार नाही. पण जुन्या कवेलूच्या घराला सपरी होती, मागे सांदवाडी होती, जाड मातीच्या भिंती होत्या. चंद्रपूरचा पारा ४७-४८ अंशांवर गेला की त्या भिंतींची किंमत कळते. नव्या स्लॅबच्या खोलीत दुपारी माणूस टिकत नाही. तो जुन्या घराच्या उरल्यासुरल्या सपरीत येऊन पडतो आणि पक्क्या घरात धानाची पोती राहतात. हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नाही. तेवढ्याच पैशांत झरोका कुठे द्यावा, चूल कुठे असावी, माळा किती उंचीवर घ्यावा, हे घरागणिक सांगणारा माणूस आपण कधी नेमलाच नाही.

बँकांनीही नाही. घरकर्जाचा हप्ता आम्ही टप्प्याटप्प्याने सोडत असू : जोते झाले, स्लॅब पडला, प्लास्टर झाले. इंजिनियरचा दाखला फाइलला लागला की पुढची रक्कम. त्या साऱ्या कागदांत आत राहणाऱ्या बाईला स्वयंपाकघरात उभे राहून उजेड दिसतो का, असा रकाना नव्हता. प्लास्टरपाशी घर संपत असे. राहणे तिथून सुरू होते.

म्हणून मुलीला शिकायला जाऊ द्या, एवढेच सांगून मी थांबत नाही. जाण्याआधी संस्थेला दोन प्रश्न विचारावेत. प्रबंधासाठी विद्यार्थ्याला खऱ्या घरात, खऱ्या माणसांत किती दिवस राहावे लागते? आणि लाकूड, बांबू, माती हाताळायला कारखाना आहे का, की सारे संगणकाच्या पडद्यावरच? उत्तर गुळमुळीत आले तर ते कर्ज काढू नये, हा माझा बँकेतला सल्ला समजा. मोठ्या शहरात दिवाणखाने सजवून कर्ज लवकर फिटेल, घरकुलांत काम करून फिटणार नाही, हेही लपवण्यात अर्थ नाही. पण कर्ज फेडून झाल्यावर पुढची तीस वर्षे उरतात.

दुसरी अपेक्षा आपल्या बाजूची. २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले. त्याच वर्षी मेंढा-लेखा गावाच्या हाती आपला बांबू विकण्याचा हक्क आला. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभारले गेले. २०२२ च्या फेब्रुवारीत तिथे आग लागली आणि बांबूला आगीपासून कसे जपावे, हा धडा डोळ्यांसमोर जळत उभा राहिला. साहित्य इथे आहे, प्रश्न इथे आहेत, विचारले तर बोलणारी माणसेही इथे आहेत. मोठी इमारत बांधून नवा विभाग काढा असे मी म्हणत नाही. आधी इमारत आणि मग विद्यार्थी, हा क्रम आपल्याला फार महाग पडलेला आहे. अहमदाबादच्या, मुंबईच्या, नागपूरच्या संस्थांनी आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे एक सत्र इथे पाठवावे. विद्यापीठाने त्यांच्या राहण्याची सोय घरकुलांत करावी, विश्रामगृहात नव्हे. सोबत गावातले दोन सुतार आणि घर सारवणाऱ्या दोन बायका शिक्षक म्हणून नेमाव्यात, आणि त्यांना मानधन तज्ज्ञाचे द्यावे.

सत्र मे महिन्यात सुरू करावे, म्हणजे स्लॅबखालची दुपार अंगावर येईल. आणि ते जुलैपर्यंत चालू ठेवावे. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा रस्ता कितीदा बंद पडला आहे. तसा चार दिवस तो बंद पडला, की पंचवीस चौरस मीटरमध्ये सहा माणसे, दोन शेळ्या आणि ओले सरपण कसे मावते, याचे मोजमाप विद्यार्थ्यांना तिथेच घेता येईल.